मदत हवी आहे: लोक राहत असलेला फ्लॅट बघायला जाताना कसं वागावं? (नाशिक)

मोगरा_नाशिक (शनिवार, रात्री ९.१२)
उद्या अकराला पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके बघायला जायचंय, म्हणून घाईत लिहितेय. गेल्या रविवारी इंदिरानगरला एक फ्लॅट बघितला, तिथे फार चुकलं आमचं. मी किचनच्या ट्रॉल्या ओढून बघितल्या, सासऱ्यांनी बेडरूममधलं कपाट उघडलं, मुलगा बुटांसकट पलंगावर चढला. घरातल्या आजी काही बोलल्या नाहीत, उठून आतल्या खोलीत जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला की मालकांना तुम्हाला द्यायचा नाहीये. आम्हाला तो फ्लॅट मनापासून आवडला होता. सगळी पुंजी घालायची तर नीट बघायला नको का? पण किती बघायचं, कसं बघायचं? फोटो चालतात का? किंमत तिथेच विचारायची का? प्लीज लवकर सांगा.

सातपूरकर (९.२०)
रीसेल ना? घरात मालक राहतात की भाडेकरू? एजंट बरोबर आहे की थेट जाताय? हे कळल्याशिवाय काय सांगणार, ताई?

टेपवाला (९.२६)
मोजायची टेप न्या. लोक सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिना-लिफ्टचा वाटाही धरलेला आकडा सांगतात. रेराच्या (घरबांधणी-खरेदीच्या कायद्याच्या) व्याख्येत कार्पेट म्हणजे आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी सोडून. प्रत्येक खोली मोजा. अंघोळीची जागासुद्धा.

सातपूरकर (९.२९)
त्यांनी वागायचं कसं ते विचारलंय. परक्याच्या न्हाणीघरात टेप लावून उभं राहायला सांगताय तुम्ही. पहिल्या भेटीत नको. बोलणी पुढे गेली की मोजा.

रानजाई (९.४१)
आम्ही जेलरोडचा फ्लॅट विकला तेव्हा तीसेक कुटुंबं घर बघून गेली, त्यामुळे पलीकडची बाजू सांगते. अकराची वेळ देऊन पावणेबाराला येणारे, न कळवता. आपण दहाला ओटा पुसून, स्वयंपाक अर्धवट ठेवून बसलेलो असतो. उशीर होणार असेल तर फोन करा, एवढंच.

ट्रॉल्यांचं म्हणाल, तर आम्ही एक भेद धरला होता. जे फ्लॅटबरोबर विकलं जाणार ते बघायला मागा: खिडक्या, नळ, सिंकखालची जागा, लॉफ्ट, वीजेचा बोर्ड, भिंतीत बसवलेल्या ट्रॉल्या. जे घरच्यांबरोबर जाणार त्याला हात लावू नका: फ्रिज, गोदरेजचं कपाट, ड्रॉवर, देवघर. पण विकलं जाणारं असलं तरी आधी "उघडू का?" म्हणायचं. एका जोडप्याने प्रत्येक दाराशी असं विचारलं. त्यांना मी स्वतः लॉफ्टवरच्या पेट्या खाली काढून दाखवल्या, कारण तिथे ओल आली होती आणि ती लपवावीशी वाटली नाही. न विचारता उघडणाऱ्याला माणूस फक्त आटपून बाहेर काढायला बघतो.

आणि "ही भिंत पाडू", "हा रंग कसला" हे खाली पार्किंगमध्ये बोला. आमच्या हॉलचा रंग माझ्या सासूबाईंनी निवडला होता. त्या तिथेच बसलेल्या असायच्या.

ईशान्य (९.५०)
होकायंत्र न्यायला विसरू नका. दक्षिणेचा दरवाजा असेल तर आतच जाऊ नका, बाहेरूनच नमस्कार करून परत या.

सातपूरकर (९.५३)
ठरलेल्या वेळेला दारापर्यंत जाऊन परत फिरायचं? दिशा आधी एजंटला फोनवर विचारता येते. वास्तू मानणाऱ्यांनी तेवढं तरी करावं.

ईशान्य (९.५५)
एजंट सगळ्यांनाच पूर्वमुखी सांगतात. माझा अनुभव आहे.

द्वारका_सर्कल (१०.०२)
आत्ता घेऊच नका. २०२७च्या सिंहस्थामुळे दर चढलेत, नंतर उतरतील.

टेपवाला (१०.०५)
कुठे उतरतात! माझ्या भावाने असंच थांबून गंगापूर रोड घालवला.

मोगरा_नाशिक (१०.१८)
सिंहस्थाचं दुसरीकडे बोला ना, सकाळी जायचंय. सातपूरकर, रीसेलच. मालक पुण्याला असतात, भाडेकरू राहतात. एजंट येणार आहे. भाडेकरूंचं सात महिन्यांचं बाळ आहे म्हणे. सासू-सासरे, दीर, आम्ही तिघं, असे सहा जण.

रानजाई (१०.२७)
अगं, मग भाडेकरूंचं आधी सांगायचंस! मालकाला विकायचं असतं, म्हणून तो सहन करतो. भाडेकरूला या विक्रीतून काही मिळत नाही, उलट घर शोधायची वेळ येते. अकराची वेळ त्यांनी दिली की एजंटने परस्पर ठरवली? एजंटला आत्ताच विचार. सहा जण नको, तुम्ही दोघंच जा, बाकीचे पसंत पडल्यावर. चपला बाहेर. फोटोत त्यांचं सामान, बाळाचे कपडे येणार, तेव्हा विचारल्याशिवाय काढू नका. खिडकीतून बाहेरचा काढलात तर हरकत नसते.

"कधी खाली करणार?" हे त्यांना अजिबात विचारू नकोस. मालकाकडून भाडेकराराची प्रत माग, त्यात मुदत असते.

सातपूरकर (१०.३४)
पटलं. किंमतही त्यांच्यासमोर नको. पाण्याचं मात्र जरूर विचारा, तिथे राहणाऱ्यालाच ते खरं ठाऊक असतं. आणि पसंत पडला तरी दारात टोकन देऊ नका. आधी इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीची थकबाकी आणि बँकेचा बोजा बघा.

मोगरा_नाशिक (रविवार, रात्री ८.०५)
जाऊन आलो. अकरा ही वेळ एजंटने परस्परच ठरवली होती. त्या ताईंशी फोन जोडून दे म्हटलं, तर त्या म्हणाल्या बाळ अकरा ते एक झोपतं, पाचला या. आम्ही दोघंच गेलो. "उघडू का?" म्हटल्यावर त्यांनी सिंकखालचा डबा स्वतः बाजूला केला. मागच्या बेडरूममध्ये खिडकीखाली हात लावून बघायला सांगितलं. पावसाळ्यात तिथून झिरपतं, मालकांना दोनदा कळवलंय म्हणाल्या. एजंट गप्प होता. पाणी सकाळीच येतं, त्यामुळे दाब कळला नाही. "बुधवारी साडेसहाला या, बाळ तेव्हा जागंच असतं," असं त्याच म्हणाल्या. रानजाईताई, मनापासून आभार. इंदिरानगरच्या आजींना एजंटकरवी माफीचा निरोप पाठवलाय. फ्लॅटसाठी नाही, तसाच.

द्वारका_सर्कल (८.११)
पाथर्डी फाट्याला काय दर सांगितला?