दीर्घ श्वास घेऊनही चक्कर का वाढते?
नागपुरात सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकातील गर्दीत छाती धडधडू लागली आणि दीर्घ श्वास घेऊनही घेरी वाढतच गेली, असे आपण पत्रात लिहिले आहे. भीतीच्या झटक्यात आपण आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि त्यात आणखी मोठे श्वास ओढले की त्रास वाढतो. म्हणून श्वास नाकाने हलकेच घ्यावा व ओठांचा चंबू करून, घेतल्याच्या दुप्पट वेळ लावून सोडावा. झटका बहुधा १० मिनिटांच्या आत शिगेला पोहोचून ओसरू लागतो. तेवढा वेळ शक्यतो तिथेच थांबावे, कारण दर वेळी पळ काढला की त्या जागेचीच धास्ती बसते. (तर्रीपोह्यांवर दोन कडक चहा हेही धडधडीला खतपाणीच!) आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र उन्हाच्या तडाख्यानेही हीच लक्षणे दिसतात, तेव्हा आधी सावली आणि पाणी पाहावे. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर ते मनाचे समजून अंगावर न काढता ईसीजी काढून घ्यावा. झटके वारंवार येत असल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.