पारले-जीची मुलगी ‘कोण’, हा प्रश्नच चुकीचा आहे

जुना छापखाना:
काल पुन्हा एकाने मोठ्या विश्वासाने लिहिले की, पारले-जीच्या पाकिटावरची ती मुलगी आता साठी ओलांडलेली आजी आहे; पुरावा म्हणून एका वृद्ध महिलेचे छायाचित्रही जोडले होते. आजवर या मुलीला निरनिराळ्या स्त्रियांची नावे चिकटवून झाली आहेत. ते केवळ काल्पनिक रेखाचित्र आहे, हे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगूनही कोणाचे समाधान होत नाही. साठच्या दशकात एव्हरेस्ट क्रिएटिव्ह या जाहिरात संस्थेतील मगनलाल दहिया यांनी ते काढले. त्याआधी पाकिटावर गाय आणि गवळण होती, परंतु त्या गवळणीचा पत्ता मात्र कोणीही शोधत बसले नाही! ज्याने कुंचला हातात धरला, त्याच्याविषयी दोन ओळी लिहिण्याचे सोडून आपण मॉडेल शोधत फिरतो, याची मला चीड येते.

मेणकागद:
चीड समजली, पण चित्रकार हवेतून चेहरा काढत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचे केस आईने अगदी तसेच, कपाळावर झालर ठेवून कापले होते आणि वाड्यात तिला सगळे ‘बिस्किटवाली’ म्हणत. अशा घरोघरच्या मुलींकडे पाहूनच ते चित्र सुचले नसेल, हे आपण कशावरून ठरवले? शिवाय खरा अन्याय चित्रकारावर झालेला नसून कागदावर झाला आहे. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो मेणकागद टोकाशी नखाने उकलताना जो आवाज होई, तो या गुळगुळीत प्लॅस्टिकला नाही. शिवाय हे प्लॅस्टिक आज प्रत्येक गटाराच्या तोंडाशी अडकलेले दिसते.

हिशेबनीस:
धागा वेष्टनाच्या इतिहासाचा आहे, आपल्या बालपणाच्या श्राद्धाचा नाही. मेणकागदाचा उघडा पुडा आषाढात कपाटात ठेवून पाहिला असता, तर सकाळी बिस्किट चहाआधीच मऊ झालेले दिसले असते. आणि ज्या मेणाचा एवढा उमाळा येतो, ते पॅराफिन खनिज तेलातूनच निघते. मेण लावलेला कागद रद्दीवालाही घेत नसे.

मेणकागद:
रद्दीवाला घेत नसे, पण आमच्याकडे तो फेकलाही जात नसे. आजी त्यात देवाच्या वाती गुंडाळून ठेवायची. आपल्या कपाटात फक्त हिशेबाच्या वह्या असाव्यात.

हिशेबनीस:
वह्याच आहेत, आणि त्या कोरड्या राहाव्यात म्हणून प्लॅस्टिकमध्ये ठेवल्या आहेत.

जुना छापखाना:
आपण दोघे कागदावरून भांडता आहात आणि कागदावर काय छापले होते, ते बाजूलाच राहिले. १९२९ मध्ये विलेपार्ल्यात सुरू झालेल्या या कंपनीच्या बिस्किटाचे नाव आधी ‘पारले ग्लुको’ होते. ग्लुकोज हा शब्द कोणालाही वापरता येत असल्यामुळे नकलांची रांग लागली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नाव ‘पारले-जी’ झाले. नाव बदलले, पुढे कागद गेला, २०१६ मध्ये पार्ल्याचा कारखानाही बंद झाला. मुलगी आणि पिवळा रंग मात्र टिकला. ज्याला अक्षरे वाचता येत नव्हती, तो ग्राहक तो चेहरा पाहूनच पुडा मागत असे. म्हणजे हे चित्रच त्या मालाची सही होते, आणि ही सही करणारा हात कोणाचा, एवढेच मी विचारतो आहे.

हिशेबनीस:
हा मुद्दा मान्य. आधीच्या लांबलचक त्राग्याशिवाय तो मांडला असता, तर अधिक लवकर मान्य केला असता.

मेणकागद:
दहियांचे नाव मी लक्षात ठेवीन. बहिणीला मात्र हे सांगणार नाही; चाळीस वर्षे ती स्वतःलाच ती मुलगी समजते आहे.