बाइकच्या पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळतंय, वायझर (पुढचं प्लॅस्टिकचं कव्हर) पण बसेना, लवकर सांगा (मदत हवी आहे)

काळी_माती: भाऊ लोक, गाडी घरीच खोलली आहे. उजव्या शॉकअपचं ऑइल सील (ऑइल अडवणारं रबराचं कडं) दोनदा बदललं, दोन्ही वेळा आठ-दहा दिवसात परत पाझरलं, आता तर ब्रेकच्या डिस्कवर थेंब येऊन रायले. वायझरची डावी बाजू टाकीपाशी बोटभर उघडी राहते, दाबून बोल्ट कसला तर कानच (बोल्ट बसतो तो वायझरचा कोपरा) तुटला. पोळ्याला मोठा भाऊ पुण्याहून येतो, गाडी त्याची आहे, त्याच्या आत उभी करायची आहे. सील कोणत्या कंपनीचं टाकू एवढंच सांगा, बाकी सगळं ठीक आहे.

पाना_१४: गाडी कोणती? मॉडेल कोणतं?

काळी_माती: करिझ्मा. वायझर म्हटलं ना.

पाना_१४: वायझर पल्सर २२० ला पण असतं भाऊ. करिझ्मा पण जुनी का झेडएमआर? दोन्हीचं वायझर वेगळं आहे.

काळी_माती: जुनी, २००६ ची. अर्धं वायझरवाली.

वणीवाला: २००६ म्हणजे २०२१ मध्येच १५ वर्षं झाली. आरसी रिन्यू केली का? फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत दाखवावी लागते, मग ५ वर्षांचं मिळते. आधी ते करा, नाहीतर रस्त्यावर काढून काय उपयोग.

काळी_माती: कागदाचं विचारलंच नाही दादा. सीलचं सांगा.

टू_स्ट्रोक_भाऊ: मी तर म्हणतो आरएक्स १०० घ्यायची होती, ना वायझरची कटकट ना काही. माझी ९४ ची आहे, अजून एका किकमध्ये चालू होते. शॉकअप वाकला असेल तुमचा, म्हणूनच वायझर पण एका बाजूने उघडं रायते. टी (वरती शॉकअपचे पाइप धरते ती पकड) पासून दोन्ही पाइप बदलून टाका.

पाना_१४: नाही हो, करिझ्माचं वायझर फ्रेमवर बसते, हँडलसोबत फिरत नाही. शॉकअपचा आणि त्या गॅपचा काही संबंध नाही. पुढचा वायझरचा स्टँड वाकला असेल. गाडी कधी डाव्या बाजूला पडली होती का?

काळी_माती: पडली होती, नाल्यापाशी, पण ते लय जुनं आहे. भाऊ चालवायचा तेव्हा.

पाना_१४: हेच आधी सांगायचं होतं. वायझर काढा, नुसता स्टँड पहा, दोन्ही बाजूचं अंतर टाकीपासून दोरीने मोजा. वाकला असेल तर आधी तो सरळ करा, मग कान जोडा, नाहीतर जोडलेला कान परत तुटेल.

टू_स्ट्रोक_भाऊ: पाइप वाकला नाही हे तुम्ही इथे बसून कसं सांगता? काचेवर ठेवून गोल फिरवा, डोलला तर वाकला.

पाना_१४: ते करून पहाच, मी नाही म्हणत नाही. पण गॅप त्यामुळे नाही.

अमरावती_गॅरेज: सर्वात आधी गाडी चालवू नका. डिस्कवर ऑइल आलं म्हणजे पॅड पण प्याले असतील, ब्रेक लागणार नाही. पॅड नवे टाका, डिस्क थिनरने पुसा. आता सांगा, शॉकअपमध्ये ऑइल कोणतं आणि किती टाकलं? आणि गाडी किती वर्षं उभी होती?

काळी_माती: इंजिन ऑइल टाकलं, घरी होतं ते. किती ते मोजलं नाही, भरपूर टाकलं म्हणजे कमी पडू नये. गाडी ५ वर्षं गोठ्यात उभी होती.

अमरावती_गॅरेज: भाऊ, सीलची कंपनी बदलून काही होणार नाही. एक तर ऑइल जास्त झालं की आत हवेला जागा उरत नाही, खड्ड्यात शॉकअप दबला की सगळा दाब सीलवर येते. मॅन्युअलात लिहिलं तेवढं एमएल मोजून फोर्क ऑइलच टाका. दुसरं, गोठ्यातल्या ओलीने पाइपला गंजाचे टिपके पडले असतील, डोळ्याने दिसत नाहीत. घरी कापूस असेलच. पाइप पुसून कोरडा करा, कापसाचा पिळा वर-खाली फिरवा, जिथे तंतू अडकला तिथे सीलचं ओठ फाटून रायलं. आणि नवं सील घालताना पाइपच्या तोंडावर पन्नी गुंडाळून तिला ऑइल लावा, नाहीतर घालतानाच कापलं जाते.

वणीवाला: टिपके निघाले तर दोन थेंब अराल्डाइट लावून, वाळल्यावर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. माझं दोन वर्षं झाली टिकलं.

अमरावती_गॅरेज: टिपका वरती टीपाशी असेल तर ठीक. सील जिथे फिरते तिथे असेल तर ते निघून येईल. पाइप नवा घ्या नाहीतर हार्ड क्रोम (क्रोमचा कडक थर) करून आणा.

काळी_माती: आता कापूस फिरवला. उजव्या पाइपला सीलच्या वर चार बोटांवर दोन जागी तंतू अडकले, नखाला पण लागते. डाव्याला काहीच नाही. काचेवर दोन्ही सरळ फिरले. स्टँड डावीकडे वाकलेलाच आहे, दोरीने पाऊण इंचाचा फरक आला. कान कशाने जोडू? ट्यूबवाल्या गोंदाने दोनदा सुटला.

पाना_१४: आतल्या बाजूला बघा, एबीएस (प्लॅस्टिकचा प्रकार, ब्रेकचं नाही) लिहिलं असेल तर त्याच वायझरच्या तुटक्या कोपऱ्याचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून घट्ट लापशीसारखं करा, आतून बारीक जाळी ठेवून भरा. चीर जिथे संपते तिथे आधी २ एमएमचं भोक पाडा, नाहीतर ती पुढे जाते. पीपी (दुसरं प्लॅस्टिक) लिहिलं असेल तर अॅसिटोन काही करत नाही, सोल्डरिंगने वेल्डच करावं लागेल.

काळी_माती: एबीएस लिहिलं आहे. भोक पाडलं, लापशी भरून वाळत ठेवली. पाइप उद्या सकाळच्या एसटीने अमरावतीला घेऊन येतो, क्रोमवाल्याकडे किती दिवस लागतात ते सांगा, पोळ्याला बारा दिवस आहेत.

वणीवाला: आरसीचं पण पहा.