आधी फुकट शोधा, मग वर्गणी
तुमचे अँग्लो-इंडियन पणजोबा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत ड्रायव्हर, लग्न भुसावळच्या चर्चमध्ये. मग ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा शोध घ्यायला मदत करणाऱ्या इंग्लंडच्या 'फिबिस' संस्थेची वर्गणी भरावी का, असं तुम्ही विचारलंय. लगेच भरू नका. त्यांच्या डेटाबेसमध्ये नाव शोधायला सभासदत्व लागत नाही. आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं टाकून बघा. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. ब्रिटिश लायब्ररीत ती एन/३ मालिका आहे. लग्नाच्या नोंदीत बऱ्याचदा वडिलांचं नावही असतं, म्हणजे आणखी एक पिढी हाती लागली! पुढे अडलात तर जरूर सभासद व्हा, जाणकार माणसं भेटतील. आजोबांची मराठी बाजू मात्र तिथे सापडायची नाही, त्यासाठी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळींच्या वह्या बघा.