चुकीचा खुलासा आणि मागे घेतलेला पास

'ब्रिजमध्ये जोडीदाराच्या बोलीचा विरोधकांना दिलेला खुलासा चुकीचा निघाला की त्यांना आपले सगळेच पास बदलता येतात' हे बरोबर नाही. २०१७ च्या डुप्लिकेट ब्रिज नियमांतला २१ वा नियम त्याहून बराच कंजूष आहे.

समजा बोली अशी झाली: उत्तर १ नोट्रम्प (म्हणजे हुकमाशिवाय), दक्षिण २ चौकट, उत्तर २ बदाम, दक्षिण ३ नोट्रम्प, मग तीन पास. पूर्व-पश्चिम शेवटपर्यंत पासच. पश्चिमेने विचारल्यावर उत्तरेने २ चौकट 'नैसर्गिक' (म्हणजे हातात खरंच चौकट आहे) सांगितली. प्रत्यक्षात ती बदामासाठी ट्रान्सफर, म्हणजे जोडीदाराला बदाम बोलायला लावणारी बोली होती. दक्षिण इथे डमी (जिचे पत्ते उघडे मांडले जातात ती) होणार, त्यामुळे शेवटच्या पासनंतर, पहिली उतारी (डावाचं पहिलं पान) होण्याआधी, डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावून चूक सांगणं तिचंच काम. (तिची जोडी बोली हरून बचाव करत असती तर डाव संपेपर्यंत गप्प.)

आता बदलता काय येतं? फक्त पूर्वेचा शेवटचा पास, तोही चुकीच्या माहितीचा परिणाम झाला असण्याची शक्यता डायरेक्टरला पटली तर. पश्चिमेला २ चौकटवर डबल (विरोधकांच्या बोलीचे गुण दुप्पट करणारी घोषणा) देऊन पूर्वेकडे चौकटची उतारी मागायची होती, पण त्यानंतर तिचा जोडीदार बोलला (पासही बोलणंच), म्हणून ती दारं बंद. उतारी पालथी असेल तर डायरेक्टरच्या सांगण्यावरून मागे घेता येते. सुलटी करून दाखवली की बोलीचा काळ संपला. मग उरतो डायरेक्टरने बदलून दिलेला सुधारित गुण, तोही चूक करणाऱ्यांना फायदा झाला असं ठरलं तरच.

आणि खुलासा ऐकणाऱ्यानेच ऐकण्यात घोळ केला असेल, तर काहीच नाही.