मदत हवी आहे: एमडीएसच्या (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) नीट प्रवेश परीक्षेसाठी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विषयांची उजळणी कशी करू?

नमस्कार. बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) आणि इंटर्नशिप झाली. सध्या दापोलीत एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये संध्याकाळी काम करते. हर्णै बंदराकडचे पेशंट बरेच. मिश्रीने झिजलेले दात, गुटख्यामुळे दोन बोटंही न उघडणारं तोंड रोज समोर असतं, त्यामुळे ओरल पॅथॉलॉजी (तोंडाच्या आजारांचा विषय) आपोआप पक्की होतेय.

अडतंय ते अ‍ॅनाटॉमी (शरीररचना) आणि फार्माकॉलॉजीत (औषधशास्त्र). वरच्या जबड्याची मॅक्झिलरी नर्व्ह कवटीच्या फोरामेन रोटंडम या छिद्रातून, खालच्या जबड्याची मँडिब्युलर ओव्हेलमधून बाहेर पडते, हे पाठ आहे. पण खालच्या जबड्याचा ब्लॉक (बधिर करायचं इंजेक्शन) दिल्यावर पेशंटचा चेहरा एका बाजूने लुळा पडला तर सुई कुठे गेली, असं विचारलं की पॅरोटिड या लाळग्रंथीतली फेशियल नर्व्ह (चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस) आठवायला वेळ लागतो. औषधं तर महिनाभरात पुसली जातात. परीक्षेत २४० प्रश्न, ३ तास, चुकीला १ गुण वजा. अंदाजाने उत्तरं देणं परवडत नाही.

नोकरी सांभाळून ज्यांनी तयारी केली त्या ताई-दादांनी कृपया सांगावं: एकेक विषय संपवत जायचं की रोज दोन-तीन मिसळायचे? जनरल मेडिसिन किती खोल वाचायचं?

खेड-चिपळूणकडचं कुणी सोबत अभ्यास करायला तयार असेल तर नक्की कळवा. रात्री नऊनंतर फोनवर एकमेकांना प्रश्न विचारू.