विषय: सोलापूरचं शिबिर आणि शेंगदाणा – शुक्रवारच्या आत उत्तर हवंय

प्रेषक: मीनल

मंडळी,
शुक्रवारी फॉर्म पाठवायचाय, म्हणून थेट मुद्दा. धाकट्याला यंदा आजीकडे सोलापूरला पाठवतोय. आप्पांनी मागे सांगितलं होतं तेच तुळजापूर रोडवरचं शेतावरचं निवासी शिबिर, सात दिवसांचं. इथे अमेरिकेत शाळा मेअखेर सुटतात आणि तिकडच्या जूनच्या मध्याला भरतात, मधल्या फटीत ते नेमकं बसतं.

गणपतीत शेंगदाण्याच्या ॲलर्जीनं त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, परत लिहीत नाही. फॉर्मवर "आजार/पथ्य" अशी एकच ओळ आहे. शिबिराच्या सरांना फोन केला तर म्हणाले, "ताई, निर्धास्त राहा, शेंगा देणार नाही त्याला." आता सोलापुरात शेंगा द्यायच्या नाहीत म्हणजे काय काय द्यायचं नाही, हे मी लातूरची बाई त्यांना काय सांगणार? सोलापूरच्या कुणीतरी यादी द्या. आणि ॲलर्जीचा झटका आला की टोचायचं इंजेक्शनचं पेन (एपिनेफ्रिन) तिथल्या उन्हात ठेवायचं कुठे, तेही सांगा.

मीनल

प्रेषक: आप्पा (मुक्काम सोलापूर)

चि. मीनल,
उन्हं चढायच्या आत स्कूटरवर जाऊन आलो. सरांशी फार बोललो नाही, स्वयंपाकाच्या मावशींपाशी बसलो. कूट कशात पडतं हे सरांना विचारून काय उपयोग?

पोह्यांत दाणे. साबुदाण्याच्या खिचडीत दाणे आणि कूट दोन्ही. भरल्या वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भेंडीत "थोडंसंच". शेंगाचटणीची बरणी पंगतीत कायम फिरते, ती कुणी वाढत नाही, ज्याचा तो घेतो. चार वाजता गूळ-दाणे. शेवटच्या दिवशी शेंगापोळी, ती तर शिबिराची शान. फुटाणे चालतील म्हणशील, पण भडभुंज्याकडे फुटाणे नि शेंगा एकाच भट्टीवर भाजतात. आणि तेल लाकडी घाण्याचं, शेंगांचं. पोरांच्या पोटात भेसळ जाऊ नये म्हणून सर मुद्दाम आणतात.

मावशी सगळं ऐकून म्हणाल्या, "मग लेकरू खानार काय ओ?" प्रश्न बरोबर आहे. कडक भाकरी, दही, साधं वरण, भात. भाकरी ज्वारीची, त्यात काही नसतं, पण ती चटणीच्या ताटात पडली की संपलं.

आप्पा

प्रेषक: बापू

आप्पा, शेंगापोळीचं नाव काढून माझी रात्र खराब केलीत. इथे कितीही केली तरी सारण कोरडं पडतं.

मीनल, रागावू नकोस, पण आमच्या लहानपणी मोहोळच्या मळ्यात आम्ही ओल्या शेंगा उपटून मातीसकट खायचो, कुणाला काही झालेलं आठवत नाही. ते इस्राएलचं संशोधन वाच. तिथली पोरं बाळपणापासून शेंगदाण्याचे कुरमुरे खातात, म्हणून त्यांना हा त्रास कमी. सवय नाही म्हणून हे होतं. आजीच्या हातून कणकण देत गेलं तर सात दिवसांत बराच फरक पडेल.

बापू

प्रेषक: डॉ. वैनी

बापूभावजी, कृपा करून हे कुणी करू नका. आजीच्या हातून तर मुळीच नको.

तुम्ही म्हणता त्या इस्राएलच्या निरीक्षणावरून पुढे लंडनमध्ये अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातली ६४० बाळं ४ ते ११ महिन्यांची होती, आणि त्वचेच्या चाचणीत ज्यांना आधीच मोठी गांध आली त्यांना अभ्यासातून वगळलं होतं. ॲलर्जी होऊ नये म्हणून काय करावं, हे त्यातून कळलं. ज्याला ती झालेली आहे त्याला घरी कण भरवणं ही अगदी वेगळी गोष्ट. मोजून वाढवत नेण्याचा उपचार आहे, पण तो महिनोन्‌महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतो. सुट्टीतला खेळ नव्हे तो.

मीनल, आता तुझं.

तेल: रिफाइंड शेंगतेलातून प्रथिन जवळजवळ निघून जातं, त्यामुळे इथल्या कायद्यात अतिशुद्ध तेलाला ॲलर्जीच्या लेबलातून सूट आहे. घाण्याच्या तेलात ते राहतं. म्हणजे सर ज्याला शुद्ध म्हणतात तेच तुझ्या पोराला नको. सात दिवस त्याच्यासाठी सूर्यफुलाचं वेगळं तेल, वेगळी कढई आणि वेगळी पळी. पळी विसरू नकोस, गडबड तिथेच होते.

हात: जेवणानंतर सगळ्या मुलांनी साबण-पाण्यानं धुवायचे. सॅनिटायझरनं शेंगदाण्याचं प्रथिन जात नाही.

कुटाऐवजी तीळ सुचवण्याआधी त्याची तिळाची चाचणी झालीय का ते बघ. तीळही ॲलर्जीवालाच, अमेरिकेत २०२३ पासून लेबलवर सक्तीचा नववा पदार्थ. तीळ नको असेल तर ओलं खोबरं.

पेन: तू वजन सांगितलं नाहीस. लेबलप्रमाणे १५ ते ३० किलोला ०.१५ मिलिग्रॅम आणि ३० च्या वर ०.३. इथली बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र २५ किलोपासूनच ०.३ सुचवते. तो मधल्या वजनाचा असेल तर जाण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचार. तिकडे मेडिकलमध्ये पेन सहज मिळत नाही, म्हणून दोन जोड्या इथूनच ने, मूळ डब्यात, चिठ्ठीसकट, हातातल्या सामानात.

वैनी

प्रेषक: मराठी शाळा समिती

सर्वांना नम्र विनंती. शिबिरांविषयीची चर्चा शाळा समितीच्या लिस्टवर करायची असं मागच्या सभेत ठरलेलं आहे. तसंच जुलैत आपल्या मंडळाचं स्वतःचं दिवसाचं शिबिर आहे, तिथे शेंगदाणा पूर्ण बंद आहे, आणि अजून जागा आहेत. एवढ्या लांब पाठवण्याआधी पालकांनी याचाही विचार करावा.

प्रेषक: मीनल

ताई, जुलैच्या शिबिरालाही तो येणारच आहे, नाव कधीच दिलंय. पण आजी तिथे नाही ना.

वैनी, २७ किलो. विचारते.

प्रेषक: शशांक

पेनच्या तापमानाचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. डब्यावर २० ते २५ अंश लिहिलंय, थोडा वेळ १५ ते ३० चालतं. सोलापुरात त्या दिवसांत पारा ४० च्या आसपास, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. फ्रिजमध्येही ठेवायचं नाही. आप्पा, तिथे एसीची खोली आहे का?

प्रेषक: आप्पा (मुक्काम सोलापूर)

एसी? सरांच्या ऑफिसात कूलर आहे. लाईट गेली की तोही बसतो.

प्रेषक: बापू

माठाच्या बुडाशी ओला पंचा गुंडाळून ठेवा. आमची आजी लोणी तसंच ठेवायची. सोलापूरची हवा कोरडी, पाणी भराभर उडतं, आत गारच राहतं.

प्रेषक: शशांक

बापूकाका, तत्त्व बरोबर आहे, पण औषधाला ओल लागू द्यायची नाही. इन्सुलिनवाले वापरतात तो पाऊच घ्या. पाण्यात बुडवला की आतले दाणे फुगतात, आणि ते पाणी हळूहळू उडत राहतं तोवर गारवा राहतो. मुंबईच्या दमट हवेत तो तेवढा चालत नाही, सोलापुरात मस्त चालेल. पेन आधी झिपच्या पिशवीत, मग पाऊचमध्ये. आणि रोज पेनच्या खिडकीतून बघायचं, द्रव गुलाबीसर किंवा तपकिरी झाला किंवा त्यात कण दिसले तर ते पेन बाद. माझ्याकडे दोन पाऊच पडून आहेत, सासऱ्यांसाठी घेतले होते.

प्रेषक: निशा (प्लेनो)

पाऊच राहू द्या, मला शेततळ्याची काळजी वाटते. शेतावरचं शिबिर म्हणजे शेततळं असणारच. त्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, शेवाळ धरतो, तिरक्या कडा निसरड्या. पोहता येणाऱ्या मुलालाही वर चढता येत नाही. आपली मुलं स्विमिंग पूल बघून वाढलेली, त्यांना वाटतं कडेला शिडी असेल. कुंपण आहे का, दोर आणि ट्यूब टांगलेली आहे का, आणि दुपारी मोठी माणसं झोपतात तेव्हा तिथे कोण असतं, हे विचारा. फोन नाही, टीव्ही नाही याचं लोक कौतुक करतात, ही गोष्ट कुणी विचारत नाही.

शिवाय सही कोण करणार? तुम्ही इकडे, रात्र तुमची. आजीला मुलाच्या उपचारासाठी संमती द्यायचा अधिकार लेखी द्या, नोटरी करून. आमच्या पुतण्याचा हात मोडला तेव्हा प्लॅस्टर घालायच्या आधी सहीसाठी फोनाफोनी चालली होती.

प्रेषक: आप्पा (मुक्काम सोलापूर)

निशा, शेततळं आहे. तारेचं कुंपण आहे, फाटकाला कुलूप नव्हतं. सरांना म्हटलं, कुलूप घाला आणि किल्ली तुमच्या कमरेला. हो म्हणाले. परत जाऊन बघेन.

सहलीचंही सांगून ठेवतो. नान्नजला माळढोक दाखवायला नेतात असं पत्रकात आहे. माळढोक पक्षी आता सहसा दिसत नाही हो, काळवीट दिसतात, तेही पहाटे गेलात तर. नळदुर्गला पाणीमहाल बघायचा म्हणतात, पण मे-जूनच्या तोंडाला तिथे पाणी कुठलं पडायला? दगड तापून तवा झालेला असतो. अकरानंतर कुठेही नेऊ नका असं सांगितलंय. ताकाचा माठ भरलेला ठेवतात हे मात्र चांगलं.

प्रेषक: डॉ. वैनी

ताक उत्तम. ओआरएसही ठेवा, पण पाकिटावरचं मोठं अक्षर बघून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असलेलंच घ्या. गोड पेयांवर ओआरएस लिहायला एफएसएसएआयनं (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) २०२५ च्या ऑक्टोबरात मनाई केली, पण जुना माल कुठे पडून असेल सांगता येत नाही. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात घालून "जरा स्ट्राँग" करायचं नाही.

बापूभावजींचा मला खासगी मेल आला, की अंगावर गांध आली तर ॲलर्जीची गोळी पुरे. उत्तर इथेच देते, सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. नुसती गांध असेल तर गोळी ठीक, आणि लक्ष ठेवायचं. पण श्वासाला घरघर, आवाज बसणं, जीभ-ओठ सुजणं, चक्कर, किंवा गांधीबरोबर उलटी असं काही दिसलं की गोळीची वाट बघायची नाही, पेन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, चड्डीवरून चालतं. मग आडवं करून पाय उंच. धाप लागत असेल तर बसवून ठेवायचं. चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही. १०८ ला फोन. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नाही पडला तर दुसरं पेन. उतार पडला तरी दवाखान्यात न्यायचंच, काही तासांनी त्रास उलटतो.

आणि पेन मारायचं हे ठरवणार कोण, ते आधी ठरवा. सर म्हणतील आईला विचारतो, आईकडे तेव्हा रात्रीचे तीन. एका माणसाचं नाव फॉर्मवर लिहा आणि "विचारू नका, मारा" असं मराठीत लिहून द्या.

प्रेषक: बापू

वैनी, खासगी मेल खासगीच राहिला असता तर बरं झालं असतं. असो. मुद्दा कळला.

प्रेषक: संदीप

मुंबईहून सोलापूरला वंदे भारतनं जाताय की गाडीनं? वंदे भारतचं जेवण त्याला देऊ नका, घरचा डबा ठेवा. ती दुपारी निघून रात्री उशिरा पोचते, तोवर पोराला भूक लागतेच.

प्रेषक: मीनल

आज सर, मावशी आणि मी असा व्हिडिओवर बोललो. आप्पा मागे उभे होते, धन्यवाद.

ठरलं ते असं. त्या सात दिवसांत रिफाइंड सूर्यफुलाचं तेल सगळ्यांनाच. हे सरांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते म्हणाले, एका मुलासाठी चाळीस मुलांना घाण्याचं तेल बंद कसं करू? मी म्हटलं, दोन कढयांचा हिशेब मावशींना चाळीस पानं वाढताना जमणार आहे का? मावशीच म्हणाल्या, नाही जमायचं. तिथे मिटलं.

कूट मात्र बंद नाही. ते फक्त बाकीच्यांच्या भाजीत, त्याची भाजी आधी काढून ठेवायची, आणि चटणीची बरणी मावशींच्या हातात, पंगतीत नाही. मला स्वतःला हे अर्धवट वाटतं. चार वाजता गूळ-दाण्याऐवजी केळं. शेंगापोळी शेवटच्या दिवशी आहे, त्या दिवशी आजी त्याला सकाळीच घेऊन जाईल. घरून आलेले खाऊचे डबे सरांच्या कपाटात, हे सगळ्या पालकांना पत्रकात जाईल.

पेन मारायचा निर्णय मावशींच्या मुलाचा. बी.एस्सी. करतोय, स्वयंपाकघरातच असतो, घाबरत नाही. सर दुसरे.

शशांक, दोन्ही पाऊच घेते. शनिवारी शाळेत आणशील का?

प्रेषक: मराठी शाळा समिती

शनिवारी शाळेत वस्तूंची देवाणघेवाण पार्किंगमध्ये करावी, वर्गात नको.

प्रेषक: आप्पा (मुक्काम सोलापूर)

मीनल, कुलूप घातलंय, बघून आलो. किल्ली सरांकडे.

एक कर. ते बिनसुईचं सरावाचं पेन असतं ना, ते दोन पाठव. एक मावशींच्या पोराला आणि एक सरांना. पण ते इंग्रजीत बोलून सूचना देतं तसलं नको. मागे वैनींनी दाखवलं तेव्हा मावशी आधी त्याच्याशीच बोलायला लागल्या होत्या. साधं, मुकं पाठव.

आप्पा